सृष्टीचा धनी की राखणदार?

ख्रिस्ती धर्माने माणसाला निसर्गाचा धनी केले आणि आजच्या पर्यावरण-संकटाची मुळे तेथेच आहेत, असा आरोप अमेरिकी इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात केला. त्याचा मुख्य रोख होता बायबलमधील सृष्टिकथेकडे. ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात देव मानवाला पृथ्वी वश करण्यास व प्राणिमात्रांवर सत्ता चालविण्यास सांगतो. तेथील ‘रादा’ हे हिब्रू क्रियापद राजाच्या अंमलासाठीही वापरले जाते. आरोप अगदीच निराधार होता, असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या अध्यायातील चित्र मात्र निराळे आहे. एदेन बागेत ठेवलेल्या माणसावर जे काम सोपविले जाते, त्यासाठी ‘आबाद’ आणि ‘शामार’ ही क्रियापदे येतात. पहिल्याचा अर्थ मशागत करणे आणि सेवा करणेही. दुसऱ्याचा अर्थ राखण करणे. माणूस ‘आदाम’ आणि ज्या मातीतून तो घडला ती ‘अदामा’, हा शब्दसंबंध अनुवादात हरवतो. ‘लेवीय’ ग्रंथात तर दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवून तिला विसावा द्यावा, असा नियमच आहे.

व्हाइट यांनी सुचविलेला उताराही चर्चच्याच परंपरेतला होता. असिसीकर संत फ्रान्सिस यांना पर्यावरणवाद्यांचे आश्रयदाते संत मानावे, असे त्यांनी लेखाअखेर म्हटले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये तशी अधिकृत घोषणा केली. कापडव्यापाऱ्याच्या या मुलाने १२२५ च्या सुमारास, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, उंब्रिया प्रांताच्या बोलीत सृष्टीचे स्तोत्र रचले. त्यात सूर्य, वारा व अग्नी हे भाऊ, चंद्र व पाणी या बहिणी, तर पृथ्वी बहीण आणि माताही आहे. येथे निसर्ग हा देव नव्हे. एकाच निर्मात्यामुळे जुळलेले ते भावंडांचे नाते आहे. पक्ष्यांना उपदेश करणारे फ्रान्सिस चित्रांतून लोकप्रिय झाले, त्यांचे दारिद्र्यव्रत मात्र भक्तांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवले. वस्तुतः ज्याला काहीच आपल्या मालकीचे करायचे नव्हते, त्यालाच पाणी बहीण वाटू शकले.

याच स्तोत्राच्या शब्दांवरून पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकाला ‘लाउदातो सी’ हे नाव दिले. त्यात त्यांनी सृष्टीवरील निरंकुश सत्तेचा अर्थ स्पष्टपणे नाकारला आणि वसुंधरेचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले. ऑर्थोडॉक्स चर्चने त्याआधीच, १९८९ पासून, १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरविला होता.

महाराष्ट्रात हा विचार परिपत्रकाची वाट पाहत थांबला नाही. केळीच्या, फुलांच्या बागांसाठी ख्यात असलेल्या वसईत विहिरींचे पाणी टँकरने शहरी वस्त्यांकडे जाऊ लागले, बागायती जमिनींवर इमारतींची नजर पडली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात पुढे आले. अमाप उपशामुळे गोड्या विहिरी खाऱ्या होण्याची भीती होती. पाणी विकणारे सगळे परके नव्हते, हा या लढ्यातला अवघड भाग. शेजाऱ्याच्या विहिरीबद्दल बोलणे धर्मगुरूला प्रवचनापेक्षा कठीण जाते. धर्मगुरूने रस्त्यावर उतरावे का, असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेल्या दिब्रिटो यांनी बायबल ‘सुबोध बायबल’ या रूपाने मराठीत आणले, त्याला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.