रेडिओतला पाऊस

२०२५ सालच्या जुलैत ओझी ऑस्बर्न गेला. त्याच्यावर जे काही छापून आलं त्यात वटवाघळाचा किस्सा हमखास होता. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८२च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांतून कुणीतरी स्टेजवर वटवाघूळ फेकलं, आणि या गृहस्थाने त्याचं डोकं चावलं. रबरी आहे असं वाटलं म्हणे.) आमच्या घरात ही बातमी वाचून कुणाला सुखदुःख होण्याचं कारण नव्हतं. मला मात्र एकदम आजोळचं खळं आठवलं, कोनाड्यातला कंदील आठवला, आणि ऐन वैशाखात रेडिओत पडणारा पाऊस.

तर झालं असं. साल तेच, १९८२. मी आठ वर्षांचा. राजापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी तेव्हा वीज आलेली नव्हती. मामा मुंबईत परळच्या एका गिरणीत साचाखात्यात बदली कामगार होता. एरवी मे महिन्यात तो चार दिवस यायचा, आंबे-फणस बांधून परत जायचा. त्या वर्षी तो आमच्याही आधीपासून गावाला होता आणि परत जायचं नावच काढत नव्हता. आम्हा पोरांना त्याचा आनंदच. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झालाय, अडीच लाख माणसं घरी बसली आहेत, त्यातला एक आपला मामा आहे, हे आम्हाला कोण सांगणार?

मामाला इंग्रजी गाण्यांचं वेड होतं. गिरणी कामगार आणि इंग्रजी गाणी, असं ऐकून माझे मित्र हसतात. पण साच्यावरचा त्याचा जोडीदार गोव्याचा होता, माझगावच्या कुडात राहायचा, आणि तिथे गिटारही होती आणि तबकड्याही. मामाने इंग्रजी शिकलं ते रात्रशाळेत कमी आणि त्या कुडात जास्त. गावाला आल्यावर त्याचं सगळं जग म्हणजे एक ट्रान्झिस्टर. त्याचे सेल मलूल झाले की तो ते दुपारी खळ्यात उन्हाला ठेवायचा. (आमच्या पिढीतल्या सगळ्यांनी हे केलेलं आहे. सेल उन्हात ‘चार्ज’ होत नाहीत, गरम झाल्याने थोडा वेळ तग धरतात, एवढंच.)

शनिवारी रात्री मुंबई आकाशवाणीवर इंग्रजी गाण्यांचा फर्माईशी कार्यक्रम लागायचा. दिवसा आमच्याकडे मुंबई नीट लागत नसे, रात्री लागे. मीडियम वेव्हचं तसंच असतं. दिवसा वातावरणातला एक थर त्या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परतून दूरवर जाऊन पडतात. म्हणून रात्री लांबची स्टेशनं येतात, पण येतात ती हेलकावे खात. आवाज जवळ येतो, लांब जातो, मध्येच बुडतो. गाणं साधं असलं तरी कुणीतरी अंधारातून चालत येतंय असं वाटतं.

त्या रात्री निवेदिका काहीतरी बोलली आणि पाऊस सुरू झाला. मी आभाळाकडे बघितलं. चांदणं पडलेलं. पाऊस रेडिओत होता. मग ढगांचा गडगडाट, आणि एक घंटा. देवळातली नव्हे. देवळातली घंटा माणूस वाजवतो आणि निघून जातो. ही सावकाश, एकेक टोल देत, न थांबता वाजत होती. आणि मग अचानक ते तीन सूर. एक खालचा जाडजूड, एक वरचा, आणि तिसरा मधलाच कुठला तरी, थरथरणारा, कुठेच न जाणारा. पुन्हा तेच तीन. पुन्हा तेच. आमच्या गावात अवसेला वेताळाची पालखी निघते, मशाली दिसतात, कुणी बघायचं नसतं, हे आजीने सांगितलेलं होतं. मला खात्री पटली की पालखी निघाली आहे आणि ती मुंबईहून येते आहे.

मग सगळं शांत होऊन एक माणूस बारीक आवाजात गायला लागला. मी मामाच्या मांडीत तोंड खुपसलं. मामा म्हणाला, “अरे, तो आपल्याला नाही भिववत. तोच भ्यालाय. ऐक ना.” पण तेवढ्यात आजी माजघरातून बाहेर आली. “शनिवारी रात्री घरात हे काय आणलंस? बंद कर ते आधी.” मामाने खटका फिरवला. गाणं अर्धवट राहिलं.

पुढे दहा-अकरा वर्षांनी पुण्याच्या होस्टेलवर खोलीतल्या मित्राने एक कॅसेट लावली. पाऊस पडला, घंटा वाजली, आणि मी त्याला म्हटलं, आता तीन सूर येतील. गाण्याचं नाव ‘ब्लॅक सॅबथ’. बँडचं नाव ‘ब्लॅक सॅबथ’. पहिल्या रेकॉर्डचं नावही तेच, नावांच्या बाबतीत मंडळी काटकसरी होती. (सॅबथ म्हणजे मूळचा ज्यूंचा विश्रांतीचा शनिवार. त्या दिवशी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्रायलींना आपल्याकडे ‘शनिवार तेली’ म्हणत. चेटकिणींच्या रात्रीच्या मेळाव्यालाही युरोपात तेच नाव पडलं. आजीचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता म्हणायचा!)

या गाण्यामागची माणसं शोधायला गेलो तेव्हा मला सैतान वगैरे कुणी भेटला नाही. भेटले ते कारखाने. बर्मिंगहॅम शहरात ॲस्टन नावाची कामगारवस्ती आहे. चौघेही तिथले, १९४८-४९चे जन्म, बाँबने पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांत खेळून वाढलेले. ओझीने कत्तलखान्यात काम केलं, मोटारींचे हॉर्न तपासून सुरात लावायचं काम केलं (दिवसभर!), आणि चोरीपायी काही आठवडे तुरुंगातही काढले. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. वय सतरा. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं म्हणून नोकरी सोडलेली, कामाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी यंत्रावरचा माणूस आला नाही म्हणून याला यंत्रावर उभं केलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी हीच. डॉक्टरांनी सांगितलं, वाजवणं विसर.

त्याच्या कारखान्यातल्या फोरमनने मग त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगो राइनहार्टची. आगीत हात भाजून दोन बोटं निकामी झालेला हा जिप्सी गिटारवादक उरलेल्या बोटांवर जगभर गाजला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर जुन्या जाकिटाचं कातडं चिकटवलं, जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे १९७१च्या तिसऱ्या रेकॉर्डवर त्याने गिटारच खालच्या सुरात उतरवली. हेवी मेटल म्हणून ज्या जड, ओढलेल्या आवाजाला जग ओळखतं, त्यात या दोन बोटांचा वाटा मोठा आहे.

गाण्याची जन्मकथा बँडवाले पुष्कळदा सांगत आले. बास वाजवणारा गीझर बटलर याला भुताखेतांचं वाचायचा नाद होता. त्याने खोली काळ्या रंगाने रंगवलेली. एका रात्री जाग आली तर पलंगाच्या पायथ्याशी एक काळी आकृती उभी. त्याने हे ओझीला सांगितलं. नाव घेतलं बोरिस कार्लॉफच्या १९६३च्या भयपटाचं. लोक घाबरायला पैसे मोजतात, मग आपण घाबरवणारं संगीत का करू नये, असा साधा कामगारी हिशेब. १९६९च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात जवळजवळ सगळी रेकॉर्ड वाजवून झाली. पाऊस आणि घंटा नंतर चिकटवल्या. १३ फेब्रुवारी १९७० या दिवशी ती बाजारात आली. तेरा तारीख आणि शुक्रवार, तिकडे अशुभ मानलेला.

आणि ते तीन सूर? बटलर तालमीत होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला ‘मार्स’ वाजवत बसायचा, त्यावरून आयोमीला ते सुचले असं सांगतात. होल्स्टची चाल आपल्या भाषेत सांगायची तर सा, प, तीव्र म. आयोमीने पंचम गाळला: सा, वरचा सा, आणि मधे तीव्र म. इथे एक आडवाट घेतोच. हा गुस्ताव होल्स्ट संस्कृत शिकलेला होता. त्याने ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरं करून त्यांना चाली लावल्या, आणि महाभारतातल्या सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला. त्याची सुरुवात कशी होते? कुठलंही वाद्य नाही, आणि लांबून यमाचा आवाज गात जवळ येतो. आमच्या खळ्यात जे आलं होतं त्याचं एक मूळ वडाच्या झाडापर्यंत पोचतं, हे कळल्यावर मी चाट पडलो.

दूरून जवळ येणारा आवाज म्हटलं की आई ‘महल’ची गोष्ट सांगते. १९४९चा सिनेमा, खेमचंद प्रकाश यांचं संगीत, ‘आयेगा आनेवाला’. लताबाईंना खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत यायला लावलं होतं. रेकॉर्डवर गायिकेचं नावच नव्हतं, सिनेमातल्या पात्राचं होतं, कामिनी. रेडिओवर ते ऐकणाऱ्याला आवाज कुणाचा हेही ठाऊक नाही. आईची भीती ती, माझी ही.

सा आणि तीव्र म यांच्यातल्या अंतराला पाश्चात्त्य संगीतात ‘संगीतातला सैतान’ असं लॅटिन नाव आहे. चर्चने त्यावर बंदी घातली होती असं सर्रास लिहिलं जातं, त्याला आधार नाही. गायला अवघड म्हणून ते टाळत. सैतानाचं नाव लेखी सापडतं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. पण नाव पडलं की पडलं. सँ-साँसने १८७४मध्ये सांगाड्यांचा नाच रचला तेव्हा त्यातल्या व्हायोलिनची एक तार मुद्दाम अर्ध्या सुराने उतरवली, हेच अंतर मिळावं म्हणून.

आणि आपण? आपण पोरांना पहिला राग शिकवतो तो यमन, ज्यात तीव्र मध्यम ठळक. भातखंड्यांनी मध्यमाला ‘अध्वदर्शक’ म्हटलं, म्हणजे रागाची वेळ दाखवणारा स्वर. शुद्ध मध्यमाकडून तीव्राकडे गेलो की दिवस कलला. तिकडे जो सैतान तो आमच्याकडे दिवेलागण. शेजारच्या पेटीवर रोज संध्याकाळी तो स्वर ऐकून मला कधी भीती वाटली नव्हती, मग त्या रात्री का वाटली? माझं मत असं की यमनात तीव्र मध्यमाला वर पंचमाचं घर आहे, तो अर्ध्या पावलात घरी पोचतो. मारव्यात पंचम काढून घेतात, षड्जावरही फार टेकू देत नाहीत, आणि बघा, सूर्यास्ताची ती हुरहूर सोसवत नाही. आयोमीने तर त्या स्वराला मधेच उभं करून थरथरत ठेवलं. कुठे जायचं ते सांगितलंच नाही. आणि आजीने तिथेच खटका फिरवला! पूर्ण गाणं ऐकलं तर शेवटी ते चक्क घोड्यासारखं दौडतं, भीती निम्मी होते. मला तो शेवट मिळाला अकरा वर्षांनी.

मामाचं म्हणणं खरं होतं. इंग्रजी कळायला लागल्यावर पाहिलं, त्या गाण्यात सैतानाला कुणी बोलावत नाही. काळी आकृती समोर उभी आहे, बोट आपल्याकडेच आहे, आणि गाणारा पळू पाहतो, देवाचा धावा करतो. पाद्र्यांपासून पालकांपर्यंत अनेकांनी उलटंच ऐकलं. मामाने बरोबर ऐकलं, कारण त्या मे महिन्यात तो रात्र रात्र ओट्यावर जागा असायचा. हे आईने मला फार उशिरा सांगितलं. आजोबांशी तो एकदाच बोलला होता, गिरणी उघडली तरी बदलीवाल्यांना कोण घेणार म्हणून. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतलं नाही, त्यांत मामा. पुढे त्याने राजापुरात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. साच्यावर धोटा तुटून अंगावर येतो म्हणून सतत सावध असणारी त्याची बोटं शेवटपर्यंत दहाच्या दहा शाबूत होती, त्याचा त्याला अभिमान होता. आयोमीची गोष्ट मी त्याला सांगितली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, “नुकसानभरपाई मिळाली का त्याला?”

५ जुलै २०२५ला ॲस्टनमधल्याच फुटबॉलच्या मैदानावर चौघे शेवटचे एकत्र वाजले. ओझीला उभं राहवत नव्हतं, तो खुर्चीत बसून गायला. सतरा दिवसांनी गेला. त्या दिवशी त्यांनी चारच गाणी घेतली. पाऊस आणि घंटेचं त्यांत नव्हतं.