विळी, पाटा आणि उभा ओटा

१७ मार्च १९७० रोजी शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आकार घेऊ लागली. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांवर जगणाऱ्या इथल्या आगरी-कोळी घरांत तोवर स्वयंपाक बसूनच होई. विळी आणि पाटा-वरवंट्यावाचून चूल पेटत नसे.

विळीचे पाते उभे, टोकाला खोबऱ्यासाठी दातेरी खवणी. पाय तिच्या पाटावर रोवला की दोन्ही हात मोकळे, त्यामुळे निसरडी मासळीही घट्ट धरून कापता येते. कोणती विळी घ्यावी, हे सासू किंवा शेजारीण सांगे: लोखंडी पाते गंजते, पण सहज धार घेते, स्टीलचे नुसतेच चकाकते.

पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणाऱ्याला हाक जाई. छिन्नी-हातोडीने तो दगडावर बारीक खाचा पाडी आणि वाटण पुन्हा नीट बारीक होऊ लागे.

१९७३मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, १९९२मध्ये लोकल आली. फ्लॅटमधल्या उभ्या ओट्यावर मिक्सरने पाट्याची जागा घेतली. पूर्वी परदेशी यंत्रे आपल्या वाटणापुढे टिकत नसत. मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी १९६०च्या दशकात दणकट मोटरचा ‘सुमीत’ मिक्सर घडवला, तेव्हा ती अडचण सुटली.

विळीला मात्र असा पर्याय मिळाला नाही. ज्यांच्या घरात मासळी आणि नारळ नित्याचे, त्यांनी आजही लोखंडी पात्याची विळीच घ्यावी आणि वापरून झाली की पुसून कोरडी ठेवावी.