मुखपृष्ठावरचा पुरुष : फॅबिओ आणि त्याच्या वाचक

मागच्या व्याख्यानात आपण खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकांचा इतिहास पाहिला. आज त्याच पुस्तकांच्या मुखपृष्ठापाशी जरा थांबू. मुंबई-पुण्यात गल्लीतल्या वाचनालयातून ज्यांनी मिल्स अँड बूनच्या कादंबऱ्या आणल्या असतील, त्यांना पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालणं आठवत असेल. पुस्तक मळू नये म्हणून? तसं म्हणायचं फक्त. खरं तर मुखपृष्ठ घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. अमेरिकेतल्या वाचकही हेच करत. तिथे त्यासाठी शिवलेली कापडी कव्हरं मिळत. त्या कव्हराखाली जो पुरुष दडवला जायचा, त्याची ही गोष्ट.

१९७२ साली एव्हन या अमेरिकन प्रकाशनाने कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' ही कादंबरी थेट पेपरबॅक म्हणून काढली. ती तुफान खपली आणि ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांची लाटच आली. ही पुस्तकं केवळ पुस्तकांच्या दुकानात नव्हे, तर सुपरमार्केटात, औषधांच्या दुकानात विकली जायची. दूध-पाव घेता घेता बाई पुस्तक उचलणार, म्हणजे चित्र लांबूनच दिसायला हवं. त्यातून ते ठरावीक दृश्य तयार झालं : वादळी आकाश, वाऱ्यावर उडणारे केस, मिठीतली जोडी आणि वर सोनेरी, उठावदार अक्षरं.

आता हे चित्र व्हायचं कसं? आधी स्टुडिओत मॉडेल यायचे. पोशाख चढवायचे, केस उडायला पंखा लावायचा, छायाचित्रकार पोझ घ्यायला लावायचा. ती छायाचित्रं समोर ठेवून चित्रकार रंगात चित्र काढायचा. मॉडेलला मिळायची ती त्या बैठकीची फी. पुस्तकाच्या किती का प्रती खपेनात, त्यातला वाटा त्याला नाही. पुस्तकावर ठळक नाव लेखिकेचं. चित्रकाराचं नाव सापडलं तर आतल्या बारीक अक्षरांत. मॉडेलचं बहुधा नाहीच.

या बिननावाच्या धंद्यात फॅबिओ लांझोनी आला. जन्म १९५९, मिलान. किशोरवयातच मॉडेलिंग सुरू केलेला हा उंच, लांब केसांचा मुलगा पुढे न्यूयॉर्कला गेला. त्याचं पहिलं मुखपृष्ठ म्हणून सहसा जोहाना लिंडसे यांच्या 'हार्ट्स अफ्लेम'चं नाव घेतात. साल १९८७, कथानक व्हायकिंगांच्या काळातलं, आणि चित्र एलेन डुइलो यांचं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लेखिका बाई, चित्रकार बाई, वाचकही बहुतेक बायकाच. पाहिला जातोय तो पुरुष. चित्रकलेच्या इतिहासात आपण शतकानुशतकं उलटं बघत आलो होतो.

पुढच्या काही वर्षांत तो शेकडो मुखपृष्ठांवर झळकला. चारशेच्या पुढचा आकडा सांगितला जातो. आणि नवल असं, की वाचक त्याला नावाने ओळखू लागल्या. ही किंमत त्याने बरोबर हेरली. कॅलेंडरं निघाली, गाण्यांचा अल्बम आला, लोण्याऐवजी वापरायच्या स्प्रेडच्या जाहिराती आल्या. १९९३ साली एव्हननेच त्याच्या नावावर 'पायरेट' ही कादंबरी काढली. लिहिली होती युजिनिया रायली या लेखिकेने. म्हणजे गंमत पाहा : काल ज्याचं नाव कुठेच नव्हतं त्याचं नाव आज सर्वांत मोठं, आणि खऱ्या लेखिकेचं मागे! नाव न मिळण्याचा अन्याय संपला नाही, त्याने फक्त जागा बदलली.

मग १९९९. व्हर्जिनियातल्या बुश गार्डन्समध्ये एका नव्या रोलर कोस्टरच्या उद्घाटनाला फॅबिओ पहिल्या रांगेत बसला. वाटेत एक हंस तोंडावर आदळला, नाक फाटलं. रक्ताळलेल्या चेहऱ्याचा तो फोटो जगभर गेला, आणि लोक आजही त्यावर हसतात.

आमचा प्रश्न असा, की हे हसणं नक्की कुणाला? इजा झालेल्या माणसाला लोक इतकं सहज हसत नाहीत. फॅबिओला हसताना त्याच्याकडे आवडीने पाहणाऱ्या बायकांनाही हसून घेतलं जात होतं. मारधाडीच्या पुस्तकावर अर्धवस्त्र बाई असली तर तो धंदा. प्रणयकादंबरीवर उघड्या छातीचा पुरुष असला की मात्र वाचणारीची अक्कल काढायची. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने अमेरिकेतल्या एका गावातल्या अशा वाचकांशी बोलून १९८४ साली पुस्तक लिहिलं. त्या बायकांचं म्हणणं साधं होतं : दिवसभर घरातल्या सगळ्यांचं करून झाल्यावर वाचनाचा हा वेळ तेवढा आमचा. रॅडवे यांची या कादंबऱ्यांवर टीकाही आहे. पण आधी त्यांनी वाचणारीला विचारलं, हे महत्त्वाचं.

पुढे रंगवलेली चित्रं मागे पडली. कुठे नुसती फुलं आणि अक्षरं आली, कुठे तयार छायाचित्रांतली डोकं कापलेली धडं. चेहराच नाही म्हटल्यावर नाव विचारायचा प्रश्नच मिटला. ई-पुस्तकं आली तशी कव्हर घालायची गरजही उरली नाही. शेजारी बसलेल्याला कळतच नाही आपण काय वाचतोय ते.

तेव्हा जुन्या पुस्तकांच्या ढिगात असं एखादं मुखपृष्ठ हाती लागलं, तर हसायला हरकत नाही. फक्त आत उलटून बघा, चित्रकाराचं नाव कुठे सापडतं का. आणि घरात कुणी असं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून वाचलं असेल, तर त्यांना एकदा विचारा, त्यात काय आवडायचं. उत्तर मध्येच न तोडता ऐका. आज इथेच थांबू.