पिस्तूल ठेवायचं कुठे?

देवळात चपला घालून जायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण गर्दीच्या देवळात हा नियम बिनबोभाट पाळला जातो तो बाहेर चपलांचा स्टँड असतो म्हणून. टोकन घ्या, दर्शन घ्या, टोकन द्या, चपला घ्या. स्टँड नसेल तर निम्मं लक्ष देवाकडे आणि निम्मं दाराकडे!

आता चपलांच्या जागी भरलेलं पिस्तूल आणि देवळाच्या जागी कोर्ट ठेवून बघा. अमेरिकेत हा रोजचा प्रश्न आहे. तिथल्या बऱ्याच राज्यांत साधासुधा माणूस कमरेला पिस्तूल लावून, पूर्ण कायदेशीरपणे, दूध-अंडी आणायला जाऊ शकतो. त्याच माणसाची एखाद्या दिवशी कोर्टात तारीख असते. कोर्टात पिस्तूल चालत नाही. मग ते दोन तास ते ठेवायचं कुठे?

या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात नेटकं उत्तर पेनसिल्वेनिया राज्याच्या कायद्यात आहे. (हो, वीकेंडला मी असलं काहीतरी वाचत बसतो. घरच्यांचं यावरचं मत इथे देत नाही.) तिथल्या फौजदारी कायद्याचं कलम 913 म्हणतं की कोर्टाच्या भागात बंदूक आणणं गुन्हा. कोर्टाचा भाग म्हणजे फक्त न्यायाधीश बसतात ती खोली नव्हे. ज्यूरीची खोली, साक्षीदारांची खोली, सरकारी वकिलाचं ऑफिस, मधले व्हरांडे, सगळं आलं. इथपर्यंत काही विशेष नाही. गंमत पुढे आहे. प्रत्येक काउंटीने 1 जुलै 2002 पर्यंत कोर्टाच्या इमारतीत परवानाधारकांसाठी लॉकर किंवा तशी सोय करायची, तीही फुकट, आणि शस्त्र ठेवणाऱ्याला पावती द्यायची. दारावर ठळक पाटी हवी. पाटी नसेल आणि त्या माणसाला नियम ठाऊक होता असंही दिसत नसेल, तर त्याला नुसतं शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरता येत नाही. आणि परवाना असलेला माणूस पिस्तूल जमा न करता आत शिरला, तर तो सगळ्यात खालच्या दर्जाचा गुन्हा.

म्हणजे कायद्याने फक्त 'नाही' म्हटलेलं नाही. 'नाही, पण तुमची वस्तू आम्ही सांभाळतो' असं म्हटलंय. हे उत्तरार्धातलं वाक्य यायला जवळजवळ पावणेसातशे वर्षं लागली.

पूर्वार्ध खूप जुना आहे. 1328 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत नॉर्थॅम्प्टनचा कायदा झाला. (साधारण त्याच सुमारास आपल्याकडे महंमद तुघलक राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवायच्या खटाटोपात होता, म्हणजे काळाचा अंदाज येईल.) राजाच्या न्यायाधीशांसमोर, जत्रेत, बाजारात शस्त्र घेऊन यायचं नाही. आलात तर शस्त्र राजाचं आणि तुम्ही तुरुंगात, राजाची मर्जी होईपर्यंत. एडवर्ड तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता आणि देशात सरदारांच्या टोळ्यांनी उच्छाद मांडला होता. हत्यारबंद पंचवीस माणसं मागे घेऊन कुणी न्यायाधीशासमोर उभा राहिला तर निकाल काय लागणार, हे सांगायला नकोच. पण शस्त्र ठेवायचं कुठे, याबद्दल कायदा गप्प. घरी ठेवा, बस.

हे इंग्लंडात ठीक होतं. अमेरिकेच्या पश्चिमेला माणूस चार दिवस घोड्यावरून गावात यायचा, तो घरी कसली बंदूक ठेवणार? म्हणून तिथे पहिल्यांदा 'स्टँड' निघाले. 1870 च्या दशकात कॅन्ससमधल्या विचिटा गावात पाटी होती: रिव्हॉल्व्हर पोलिसांच्या मुख्य ठाण्यात ठेवा आणि बिल्ला घ्या. हॉलिवूडने आपल्या डोक्यात भरवलेला 'वाइल्ड वेस्ट' आणि हा बिल्ला, दोन्ही एका चित्रात बसवायला जरा त्रास होतो. पण बंदुकीबाबत यातली बरीच गावं आजच्या अमेरिकेपेक्षा कडक होती.

आणि आता टूमस्टोन. अ‍ॅरिझोनातलं चांदीच्या खाणींचं गाव. तिथे एप्रिल 1881 मध्ये 9 नंबरचा वटहुकूम निघाला की गावात शस्त्र बाळगायचं नाही. सूट होती ती गावात येणाऱ्याला शस्त्र जमा करेपर्यंत आणि जाणाऱ्याला जमा केलेलं घेऊन बाहेर पडेपर्यंत. तेही सद्हेतूने आणि 'वाजवी वेळात'. जमा कुठे करायचं? व्यवहारात हॉटेलच्या नाहीतर सलूनच्या बारमागे. (केस कापायचं सलून नव्हे, दारूचा गुत्ता!)

26 ऑक्टोबर 1881. आईक क्लँटन नावाचा गुराखी आदल्या रात्रीपासून अर्प बंधू आणि डॉक हॉलिडेच्या नावाने धमक्या देत रायफल आणि रिव्हॉल्व्हर घेऊन फिरत होता. गावचा मार्शल व्हर्जिल अर्प याने मागून येऊन त्याच्या डोक्यात पिस्तुलाचा दस्ता हाणला आणि त्याला न्यायाधीश वॉलेससमोर उभं केलं. दंड 25 डॉलर, वर खर्च. आता बघा, आईक दंड भरून मोकळा झालेला, डोक्याला जखम, आणि त्याची दोन शस्त्रं व्हर्जिलच्या ताब्यात. व्हर्जिलने नंतर सुनावणीत सांगितलं त्याप्रमाणे, त्याने आईकलाच विचारलं की शस्त्रं कुठे ठेवू? आईक म्हणाला, मला परत घेता येतील अशा कुठल्याही ठिकाणी. व्हर्जिलने ती ग्रँड हॉटेलच्या बारवर ठेवली.

कोर्टाच्या कामाला आलेल्या माणसाची बंदूक कुठे ठेवायची, हा आजचाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर दिलं दोन वैऱ्यांनी आपापसात. पावती नाही, काही नाही.

कोर्टाच्या बाहेरच वायट अर्पने टॉम मॅक्लॉरीलाही पिस्तूल डोक्यात घालून खाली पाडलं. या टॉमने दुपारी एक ते दोनच्या दरम्यान आपलं पिस्तूल कॅपिटल सलूनमध्ये जमा केलं होतं. तिथल्या अँड्र्यू मीहानने तशी साक्ष दिली. म्हणजे वटहुकूम चालत होता, लोक शस्त्रं जमा करत होते! पण टॉमचा भाऊ फ्रँक आणि आईकचा भाऊ बिली यांच्याकडची शस्त्रं होती तशीच होती. ते म्हणे गाव सोडून निघालेच होते. मग 'वाजवी वेळ' म्हणजे नेमका किती? काउंटीचा शेरीफ जॉनी बीहान त्यांची शस्त्रं काढून घ्यायला गेला, तर फ्रँकचं उत्तर: आधी अर्प लोकांची काढून घे, मग मी देतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकातला डेडलॉक म्हणतात तो हाच. दोघांनी एकेक लॉक धरून ठेवलाय आणि आधी तू सोड म्हणतायत. बीहान परत फिरला आणि वाटेत अर्पांना काहीतरी बोलला. 'त्यांची शस्त्रं काढून घेतली' असं, की 'काढून घ्यायला गेलो होतो' असं, यावर पुढे मोठा वाद झाला.

त्यानंतर साधारण तीस सेकंद गोळीबार. फ्रँक, टॉम आणि बिली ठार. ज्याने हे सगळं पेटवलं तो आईक निःशस्त्र होता, म्हणून पळून वाचला. त्याची रायफल हॉटेलातच होती. टॉमच्या प्रेताजवळ शस्त्र सापडलं नाही. त्याच्याकडे दुसरं एखादं होतं का, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला यात ओ. के. कोरालपेक्षा मीहानची साक्ष महत्त्वाची वाटते. आपल्याकडे ठेवायला दिलेल्या पिस्तुलाबद्दल कोर्टात शपथेवर सांगायची वेळ गुत्त्यावर आली, कारण सरकारने ते काम स्वतःकडे घेतलंच नव्हतं.

आणि काहीच व्यवस्था नसली की काय होतं, ते व्हर्जिनियातल्या हिल्सव्हिलमध्ये दिसलं. 14 मार्च 1912. फ्लॉइड ॲलन या तिथल्या बड्या माणसाला, अटकेतल्या भाच्यांना पोलिसांकडून सोडवल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. तो उठून म्हणाला, मी जाणार नाही. आणि भर कोर्टात गोळ्या सुटल्या. न्यायाधीश थॉर्नटन मॅसी, सरकारी वकील विल्यम फॉस्टर, शेरीफ लू वेब, एक ज्यूरर आणि साक्षीला आलेली एक एकोणीस वर्षांची मुलगी, असे पाच जण गेले. पहिली गोळी कुणी झाडली ते आजही नक्की नाही, कारण ॲलन मंडळी सशस्त्र होतीच, पण कोर्टाचा क्लार्क डेक्स्टर गोडसुद्धा पिस्तूल घेऊन आला होता. दारात झडती नाही, म्हणून भीतीपोटी सगळेच तयारीत! फ्लॉइड आणि त्याचा मुलगा क्लॉड यांना मार्च 1913 मध्ये विजेच्या खुर्चीत बसवलं.

आज कोर्टांच्या दारात मेटल डिटेक्टर आले. जिथे लॉकर नाही तिथे माणूस पिस्तूल गाडीत ठेवून आत येतो, आणि धोका शंभर मीटर पलीकडे पार्किंगमध्ये जातो. हे नुसतं तर्काने म्हणत नाही. जून 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका केंद्रीय रेंजरच्या उभ्या गाडीतून त्याचं सरकारी पिस्तूल चोरीला गेलं. चार दिवसांनी बंदराच्या धक्क्यावर त्याच पिस्तुलातून सुटलेल्या गोळीने एका तरुणीचा जीव गेला. हा तर शस्त्र हाताळायचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस!

आपल्याकडे निवडणुकीत परवानाधारकांना शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा करायला लावतात तेव्हा निदान ती पोलिसांच्या ताब्यात असतात. पण तो मामला काही आठवड्यांचा. कोर्टाचं काम दोन तासांचं, आणि त्यासाठी ठाण्यात खेपा कोण घालणार?

23 जून 2022 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला आणि न्यूयॉर्कची जुनी परवाना पद्धत मोडीत काढली. न्या. क्लॅरेन्स थॉमस यांच्या निकालपत्रात 1328 च्या नॉर्थॅम्प्टनच्या कायद्यावर पानंच्या पानं आहेत. सरसकट बंदीला तो कायदा आधार म्हणून चालत नाही असं ते म्हणतात. पण विधिमंडळं, मतदान केंद्रं आणि कोर्टं या 'संवेदनशील जागी' बंदी चालते, हेही तिथेच मान्य केलंय. म्हणजे यापुढे पिस्तूल घेऊन दारापर्यंत येणारी माणसं वाढणार आणि दारातली बंदीही राहणार. ठेवायचं कुठे, याबद्दल सर्वोच्च न्यायालयही काही बोललेलं नाही.

पिट्सबर्गला ग्रँट स्ट्रीटवर काउंटीचं कोर्ट आहे, रिचर्डसन या वास्तुविशारदाची 1888 मध्ये पूर्ण झालेली भव्य दगडी इमारत. तिथे कलम 913 लागू, म्हणजे लॉकर आणि पावती तुमच्या हक्काची. त्याच रस्त्याने थोडं पुढे चालत गेलं की केंद्र सरकारचं कोर्ट लागतं. तिथे केंद्रीय कायदा लागू. बंदूक आणलीत तर दोन वर्षांपर्यंत कैद, आणि लॉकर द्यायचं बंधन त्या कायद्यात कुणावरच नाही.