अमेरिकेच्या इतिहासाचा एक मराठी विद्यार्थी

आमच्या शाळांतून अमेरिकेचा इतिहास शिकविला जातो तो बहुधा दोनच मुक्कामांवर थांबून: एक १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा व दुसरा लिंकनने केलेली गुलामांची मुक्तता. पुढची शंभर वर्षे जणू घडलीच नाहीत. हजीऱ्यास कारखान्यांच्या निमित्ताने येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना आम्ही इतिहास शिकवितो. त्यांपैकी एका विद्यार्थ्याने आपल्या वहीच्या समासात एक प्रश्न लिहून ठेवला होता: गुलामगिरी १८६५ साली नष्ट झाली, तर १९६४ साली पुन्हा समतेचा कायदा करण्याचे कारण काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस आढळले की, पूर्वी एका मराठी विद्यार्थ्याने याच प्रदेशाचा शोध घेतला होता, आणि त्याचे फळ आपल्या राज्यघटनेत उतरले आहे. हे विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्यांच्या आधी महात्मा फुल्यांचा उल्लेख करणे अवश्य आहे. १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील सत्शील लोकांस, त्यांनी गुलामांच्या दास्यविमोचनासाठी केलेल्या स्वार्थत्यागाबद्दल, अर्पण केला. ग्रंथ लिहिला गेला तो काळच आशेचा होता. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची, कायद्याचे समान संरक्षण देणारी चौदावी १८६८ ची, मतदानातील वर्णभेद निषिद्ध करणारी पंधरावी १८७० ची. पुण्याहून पाहणाऱ्यास यश पुरते पदरी पडले असे वाटावे, यात नवल नाही.

पण पुढे काय झाले? १ मार्च १८७५ रोजी अमेरिकी काँग्रेसने कायदा केला की, पथिकगृहे, सार्वजनिक वाहने, नाटकगृहे यांत वर्णावरून कोणासही मज्जाव करता येणार नाही. १८७७ साली दक्षिणेतील राज्यांच्या कारभारामागे उभे असलेले मध्यवर्ती सरकारचे सैन्य मागे घेण्यात आले, आणि १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच घटनाबाह्य ठरविला. न्यायालयाचे म्हणणे असे की, चौदावी दुरुस्ती बांधते ती राज्यसंस्थेला. एखादा खाणावळवाला किंवा नाटकगृहाचा मालक भेदभाव करू लागला तर ती त्याची खाजगी बाब होय. न्यायमूर्ती हार्लन यांनी तेवढे विरोधी मत नोंदविले. हा निकाल आम्ही वर्गात सावकाश समजावून देतो, कारण पुढील सारी गोष्ट त्यावर उभी आहे.

आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. १९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व अर्थव्यवस्थेवर निबंध लिहिला. (त्याच कंपनीच्या जहाजांनी १६१२ साली पोर्तुगीजांशी झुंज दिली ती आमच्या शेजारच्या सुवाळीच्या समुद्रात, हे सांगताच मुले कान टवकारतात.) ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. त्या काळी कोलंबियात विल्यम डनिंग हे इतिहासाचे मोठे प्राध्यापक होते, आणि युद्धोत्तर काळात नीग्रोंना दिलेले हक्क ही चूकच होती, अशा मताचा संप्रदाय त्यांच्याभोवती उभा राहिला होता. डू बॉय यांनी १९३५ च्या ग्रंथात या मताचे खंडन केले. ज्या विद्यापीठात हे मत प्रतिष्ठित होते तेथेच शिकूनही आंबेडकरांचा निष्कर्ष त्याच्या उलट झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याचे एक कारण पुस्तकांबाहेरचे असावे, असे आमचे मत आहे. १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी निघाले. ती आगगाडी सुरतेवरूनच जाते. बडोद्यात पथिकगृह मिळेना, म्हणून ते पारशी पथिकाश्रमात उतरले, आणि ओळख उघड होताच काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तेथून बाहेर काढले. त्यांना हाकलणारे सरकारी अंमलदार नव्हते, ते खाजगी गृहस्थ होते. अमेरिकी न्यायालयाने जी बाब खाजगी म्हणून सोडून दिली होती, नेमकी तीच त्यांच्या वाट्यास आली.

१९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा मसुदा घटना समितीपुढे ठेवण्यासाठी त्यांनी लिहिला, तेव्हा अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या कायद्यांचा आधार त्यांनी उघडपणे नमूद केला. रद्द झालेल्या परदेशी कायद्याचा असा आधार घेणारा विधिज्ञ विरळाच. आपल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे, तसेच सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख करते, आणि त्याचा रोख राज्यसंस्थेपुरता मर्यादित नाही. दुकानदारही त्यात सापडतो. १८८३ च्या निकालाने जी वाट मोकळी ठेवली होती ती येथे बुजविली गेली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत विचारणा झाली की, 'दुकान' या शब्दात धोब्याचे दुकान व केशकर्तनालय येते काय? आंबेडकरांनी उत्तर दिले की, हा शब्द व्यापक अर्थाने घेतला असून, अटी मान्य असतील तर सेवा मागण्याचा हक्कही त्यात येतो. घटना १९५० साली अमलात आली. अमेरिकेस असाच कायदा पुन्हा करण्यास १९६४ साल उजाडावे लागले, आणि १८८३ चा निकाल अडचणीचा असल्याने तेव्हा आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. समासातल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे मिळाले.

तथापि आंबेडकरांनी दोन्ही देशांची सांगड डोळे मिटून घातली, असे कोणी समजू नये. अस्पृश्यता गुलामगिरीपेक्षाही दुःसह आहे, असे ते मांडीत; आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात अमेरिकेत जातींचा प्रश्न नाही, भारतात आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शेवटच्या विधानाशी आम्ही पूर्णपणे सहमत नाही. वर्णाची भिंत तेथेही जन्मावरच उभी होती.

१९४६ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी डू बॉय यांस पत्र लिहिले. त्यात ते स्वतःस नीग्रो प्रश्नाचा विद्यार्थी म्हणवितात, आणि अमेरिकेतील नीग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठविलेल्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मागतात. अस्पृश्यही तसेच करण्याच्या विचारात आहेत, हेही कळवितात. डू बॉय यांनी ३१ जुलै रोजी सहानुभूतीचे उत्तर धाडले.

आता देवघेव उलट्या दिशेनेही सुरू झाली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल नगराने भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घातला. अमेरिकेतील असे ते पहिले नगर. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेल्या तशाच विधेयकावर तेथील गव्हर्नरांनी सही नाकारली. प्रचलित कायद्यांत हे संरक्षण आधीच आहे, असे कारण त्यांनी दिले.