पोह्यांचे देशांतर : नवगावच्या किनाऱ्यापासून बीरशेबाच्या वाळवंटापर्यंत

१/
जर्मनीत शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीने मागच्या रविवारी छायाचित्र पाठवले. पोहे मिळाले नाहीत म्हणून तिने ओट्सला मोहरी, हळद, कांदा आणि लिंबू लावले होते. खाली लिहिले होते, ‘हसू नकोस. याला पोहे म्हणता येईल का?’ मी हसलो नाही. या प्रश्नाला मराठी माणसांचाच एक मोठा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
हा इतिहास बेने इस्रायल समाजाचा, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंचा आहे. परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. हे कधी घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. नवगावला त्यांचे स्मारक मात्र आहे.

३/
ही मंडळी गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद असे. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. आडनावेही गावांवरून आली : पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर. घरात मराठी, अंगावर नऊवारी, ताटात भात, मासळी आणि नारळ.

४/
आता एक बारकावा पाहा. शब्बाथच्या प्रार्थनेला द्राक्षारस लागतो. कोकणात तो कुठून आणायचा? या समाजाने काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून त्यांचे सरबत केले आणि त्यावर तीच प्रार्थना म्हटली. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून सागोतीत नारळाचे दूध आले. नाही त्याच्या जागी आहे ते वापरायचे, ही विद्या त्यांना परदेशी जाण्यापूर्वीच अवगत होती.

५/
त्यांचा सर्वांत जिव्हाळ्याचा विधी म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सोबत खजूर आणि फळे. हे ताट मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करतात. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात शिरताना. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे.

६/
‘मलिदा’ हा शब्द फारसी. अर्थ चोळलेले, कुस्करलेले. दर्ग्यांवरही मलिदा चढतो. म्हणजे नाव फारसी, साहित्य कोकणी आणि प्रार्थना हिब्रू. या ताटातला ‘शुद्ध’ अंश वेगळा काढायला गेलो तर हाती काहीच उरणार नाही.

७/
१९४८ साली इस्रायलची स्थापना झाली. तेव्हा भारतात हा समाज ढोबळमानाने वीस हजारांच्या घरात होता. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यातील बहुसंख्य लोक तिकडे गेले. वस्ती पडली ती बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत. बीरशेबा आणि दिमोना म्हणजे नेगेवचे वाळवंट. भाताची खाचरे नाहीत, माड नाहीत, कोळणीची पाटी नाही.

८/
शिवाय तो काळ टंचाईचा. १९४९ पासून इस्रायलमध्ये अन्नधान्याचे कडक रेशनिंग सुरू झाले आणि ते टप्प्याटप्प्याने १९५९ पर्यंत चालले. अंडी, साखर, तेल, सगळे मोजून. सरकारी दराचा पाव काळसर पिठाचा असे. सकाळी पोहे किंवा घावन खाणाऱ्या घरांपुढे तोच आला.

९/
या पावातूनच एक कडवट प्रसंग इतिहासात नोंदला गेला. १९५१ च्या अखेरीस काही बेने इस्रायल कुटुंबांनी तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या कार्यालयापाशी धरणे धरले. मागणी एकच : आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जण खरोखरच परतले. त्यांच्या तक्रारींपैकी एक अशी होती की, तुम्ही काळे, तेव्हा काळा पाव खा. पांढरा पाव गोऱ्यांसाठी आहे, असे त्यांना ऐकवले गेले.

१०/
घरी आल्याचे समाधान शोधायला गेलेल्या माणसाला न्याहारीच्या पावावरून त्याची पायरी दाखवली जाते, तेव्हा प्रश्न चवीचा राहत नाही. परतलेल्यांपैकी अनेक जण पुढे पुन्हा इस्रायललाच गेले, हेही सांगितले पाहिजे. दोन्ही किनारे त्यांचे होते आणि दोन्हीकडे काहीतरी सुटत होते.

११/
१९६० च्या दशकाच्या आरंभी प्रश्न आणखी टोकदार झाला. हे लोक विवाहाच्या दृष्टीने पूर्ण ज्यू आहेत का, अशी शंका तिथल्या धर्मपीठाने उपस्थित केली आणि वंशावळीच्या चौकशीचे निर्देश काढले. समाज रस्त्यावर उतरला. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असे स्पष्ट केले.

१२/
शतकानुशतके कोकणात ज्यांना शनिवार पाळणारे म्हणून वेगळे ओळखले गेले, त्यांनाच तिकडे ‘तुम्ही खरे कशावरून?’ असे विचारले गेले. अशा काळात एखादा समाज आपले वेगळेपण झाकून टाकील, असे वाटणे स्वाभाविक आहे. मलिद्याच्या बाबतीत तसे घडले नाही. तो आजही इस्रायलमध्ये होतो. भारतीय वस्ती असलेल्या गावांतल्या दुकानांत पोहे मिळतात. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिथे निघाले.

१३/
इथे माझा एक तर्क मांडतो. पुरावा नव्हे, तर्कच. न्याहारी बदलणे सोपे असते. पाव, दही, काकडी यांची सवय एका पिढीत होते. विधीचे तसे नाही. एलियाहूच्या ताटाला पोहेच लागतात, म्हणून ते कुठून तरी आणावे लागतात. आणि पोहे एकदा घरात आले की उरलेल्या मूठभरांना रविवारच्या, किंवा तिथल्या हिशेबाने शुक्रवारच्या, सकाळी फोडणी पडतेच.

१४/
पोह्यांचा स्वभावही प्रवासाला अनुकूल आहे. भात भिजवायचा, भाजायचा, गरम असतानाच कांडून चपटा करायचा. मग तो कोरडा राहतो, टिकतो आणि पाण्याचा हबका मारला की चुलीवाचूनही खाण्याजोगा होतो. सुदाम्याच्या पुरचुंडीत लोककथेने पोहेच बांधले, ते उगीच नाही.

१५/
आपल्या अभ्यासशाखेची एक मर्यादाही यातून दिसते. क्नेसेटचा ठराव दप्तरात सापडतो. धरण्याची बातमी वर्तमानपत्रात सापडते. पण दिमोनातल्या एखाद्या आजीने पहिल्या वर्षी खोबऱ्याऐवजी काय घातले, हे कोणत्याच फाइलमध्ये नाही. ते विचारावे लागते, आणि विचारण्याजोगी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तुमच्या घरात कोणी देशांतर केले असेल, मग ते कराची, नैरोबी किंवा बडोद्याहून का असेना, तर त्यांना हा प्रश्न आजच विचारा. उत्तर तारखेसह लिहून ठेवा.

१६/
मैत्रिणीला मी एवढेच कळवले : ओट्स म्हणजे वाफवून दाबलेले धान्यच. मनुकांच्या सरबतावर शब्बाथ साजरा होऊ शकतो, तर तुझे पोहे पोहेच आहेत. तिने उत्तर पाठवले, ‘ठीक. पण शेंगदाणे विसरले होते.’ त्याला मात्र माझ्याकडे ऐतिहासिक आधार नाही.