करवंदांची जेली

करवंदांच्या जेलींत दोन वाटा एकत्र येतात. एक साहेबाच्या न्याहारीची. जेली गोठविणारें पेक्टिन ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२५ सालीं ओळखलें. दुसरी आपल्या डोंगरांची. १८५६ सालीं कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी गेली आणि बदलापूर-अंबरनाथच्या रानमेव्याला मुंबई जवळ झाली. तो वेंचून पानांच्या द्रोणांत विकीत ठाकूर-कातकरी बायका.

कच्च्या करवंदांत पेक्टिन अधिक. म्हणून पिकलेल्यांत थोडीं कच्चीं घालून शिजवावीं, न पिळतां रस गाळावा, साखर घालून आटवावा.

आज पुष्कळ जाळ्या तुटून तेथें वसाहती उठल्या आहेत. कोणती जाळी केव्हां पिकते, हें ज्ञान वेंचणारणींपाशींच आहे. जाळीबरोबर तेंही जाईल. बरणी भरतांना एवढें स्मरावें.